रुग्णाचे बोलणे पुरे होऊ द्यावे : वैद्यकीय अध्यापकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि अध्यापक यांस,

संवाद दोघांनी मिळून घडतो. बोलणारा काही सांगतो, ऐकणारा त्याचा अर्थ लावतो आणि आपल्याला काय समजले ते चेहऱ्याने, हुंकाराने किंवा उत्तराने दाखवतो. त्यावरून बोलणारा आपले पुढचे वाक्य ठरवतो. यातला एक दुवा निसटला की शब्द नुसते उच्चारले गेले एवढेच उरते. दवाखान्यात हे लवकर उघडे पडते, कारण तिथे न समजलेल्या वाक्याचा परिणाम शरीरावर होतो. गोळी दुप्पट घेतली जाते, ऑपरेशनच्या सकाळी रुग्ण चहा-बिस्कीट खाऊन येतो, सहा महिन्यांचे क्षयाचे औषध दुसऱ्या महिन्यात बंद पडते. माणसांच्या बोलण्याची मूलतत्त्वे शिकण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयासारखी दुसरी शाळा नाही. तिथेच या विषयाला अभ्यासक्रमाच्या कडेला जागा मिळावी, ही खेदाची बाब आहे.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग त्यात पहिल्या वर्षापासून आला. परिषदेची जागा पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली तरी तो टिकून राहिला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु शीर शोधून सलाइन लावणे जसे फळ्यावर शिकता येत नाही, तसे रुग्णाशी बोलणे लॉगबुकात सही घेऊन शिकता येत नाही. ते ओपीडीत, वॉर्डात, राउंडच्या वेळी, शिक्षकाच्या देखत शिकावे लागते. तिथे नेमके काय शिकायचे, ते तपासणीत ज्या क्रमाने समोर येते त्याच क्रमाने पुढे मांडले आहे.

संभाषण आळीपाळीने चालते. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी ध्वनिमुद्रित गप्पा बारकाव्यांसह लिहून काढल्या आणि १९७४ मध्ये दाखवले, की कोणी बोलायचे आणि कोणी थांबायचे हे माणसे बोलता बोलता, जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटाशी, नव्याने ठरवत असतात. २००९ मध्ये जपानी, कोरियन, लाओ, इटालियन, डॅनिश अशा जगभरातल्या दहा भाषांतली प्रश्नोत्तरे मोजली गेली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ सर्वत्र फार थोडा, साधारण एक पंचमांश सेकंदाच्या आसपास भरला. एक शब्द मनातून ओठांवर यायला याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ असा, की समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच ऐकणाऱ्याचे उत्तर तयार होऊ लागलेले असते. ही माणसाची उपजत चपळाई आहे आणि गप्पांची गोडी तिच्यावरच टिकून आहे.

डॉक्टरच्या बाबतीत मात्र हीच चपळाई घातक ठरू शकते. त्याच्या डोक्यात तयार होणारे उत्तर म्हणजे निदान. पहिल्या दोन वाक्यांत ते सुचले की उरलेले ऐकण्याची गरज वाटेनाशी होते. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी अमेरिकेत ७४ तपासण्या ध्वनिमुद्रित करून १९८४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांनाच आपले सुरुवातीचे म्हणणे पुरे करता आले. बाकीच्यांना सरासरी १८ सेकंदांत थांबवले गेले आणि एकदा थांबवलेला रुग्ण पुन्हा मूळ सांगण्याकडे वळल्याचे उदाहरण जवळजवळ सापडलेच नाही. डॉक्टर उद्धट होते असे मुळीच नाही. त्यांनी पहिल्या तक्रारीवरच एखादा नेमका प्रश्न विचारला होता, इतकेच. पण पहिली सांगितलेली तक्रार हीच सर्वांत महत्त्वाची असते, हा समज चुकीचा आहे. माणूस सोप्या गोष्टीपासून सुरुवात करतो. गुडघेदुखी सांगून झाल्यावर तो गाठीचा विषय काढतो, आणि तोवर हातात चिठ्ठी पडलेली असते.

रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही, ही भीती प्रत्येक गर्दीच्या ओपीडीत ऐकू येते. तिचे उत्तर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे मिळाले. तिथल्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगण्यात आले, की रुग्ण स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलू नये. ३३५ रुग्णांच्या बोलण्याचा वेळ गुपचूप मोजला गेला. सरासरी ९२ सेकंद. जवळपास ७८ टक्के रुग्ण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पाच मिनिटांहून अधिक बोलले फक्त सात जण, आणि त्यांचे सांगणे कामाचेच होते असे डॉक्टरांचे मत पडले.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनची तपासणी २२ मिनिटांची, तर भारताची सुमारे दोन मिनिटांची निघाली. दोन मिनिटांतली दीड मिनिटे ऐकण्यात गेली तर तपासायचे कधी, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खरे उत्तर जास्त डॉक्टर हेच आहे. पण तोवर हातात असलेला वेळ कुठे जातो, हेही पाहावे लागते. अर्धवट ऐकलेला रुग्ण दाराशी जाऊन परत वळतो, आठ दिवसांनी त्याच तक्रारीसाठी नवा केसपेपर काढतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन त्याच तपासण्या पुन्हा करून घेतो. सुरुवातीला वाचवलेला अर्धा मिनिट रुग्णालयाला कितीतरी पटींनी परत द्यावा लागतो. विद्यार्थ्याला घड्याळ लावून पहिला एक मिनिट गप्प बसण्याचा सराव देणे ही या साऱ्यातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

ऐकून झाल्यावर प्रश्न येतो, आणि उत्तर कसे मिळेल हे प्रश्नाच्या घडणीवर ठरते. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कॅलिफोर्निया आणि पेन्सिल्व्हेनियातल्या वीस डॉक्टरांसोबत एक छोटा प्रयोग केला. निम्म्या डॉक्टरांनी ‘आणखी काही बोलायचे आहे ना’ या वळणाचा, म्हणजे हो म्हणायला जागा देणारा प्रश्न विचारला. उरलेल्यांचा प्रश्न ‘अजून काही नाही ना’ या वळणाचा, नकाराकडे झुकलेला होता. पहिल्या प्रकाराने न सांगितल्या गेलेल्या तक्रारींचे प्रमाण जवळपास चार पंचमांशाने घटले. दुसऱ्या प्रकाराचा काहीही उपयोग झाला नाही, जणू प्रश्न विचारलाच नव्हता. तपासणीचा वेळही लक्षात येण्याजोगा वाढला नाही. आपल्या ओपीडीत ‘बाकी काही नाही ना, मावशी?’ हा प्रश्न मायेने विचारला जातो, पण त्यात नकार आधीच भरलेला असतो आणि मावशी डॉक्टरांचा मान राखून ‘नाही’ म्हणतात. ‘आणखी काय त्रास होतोय?’ असे विचारले तर त्याच मावशी दुसरे काहीतरी सांगतात. एवढा बदल एका सकाळीत शिकवता येतो.

यानंतर येतो अर्थाचा प्रश्न. शब्द ऐकले म्हणजे अर्थ कळला असे होत नाही, हे भारतीय परंपरेत फार पूर्वी बारकाईने मांडले गेले आहे. मीमांसकांनी आणि नैयायिकांनी वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या, आणि त्यांच्याबरोबर तात्पर्याचाही विचार केला. त्याचे शाळेतले उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘सैंधव आण’ म्हटले तर जेवणाच्या पानावर मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना घोडा. शब्द तोच, पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते प्रसंगावरून ओळखावे लागते. विसाव्या शतकात पॉल ग्राइस यांनी जवळपास हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला. माणसे एकमेकांना सहकार्य करत आहेत असे गृहीत धरूनच ऐकतात, म्हणून उच्चारलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त पोहोचते. एखाद्या आजी ‘पोराला सुट्टी मिळत नाही’ एवढेच म्हणतात. पुढच्या तारखेला आपल्याला कोणी आणणार नाही, असे त्या सांगत असतात. केसपेपरवर या वाक्याची नोंद होत नाही, आणि तारीख चुकल्यावर ‘रुग्ण आला नाही’ अशी होते.

लक्षणांच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. रुग्ण ‘चक्कर येते’ म्हणतो तेव्हा खोली गरगर फिरत असू शकते, डोळ्यांपुढे अंधारी येत असू शकते, चालताना तोल जात असू शकतो किंवा नुसता थकवा असू शकतो. या चारांची कारणे कानात, हृदयात, मेंदूत किंवा रक्तात असतात आणि उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. ‘म्हणजे नेमके काय होते, दाखवून सांगा’ एवढा एक प्रश्न इथे अनेक तपासण्यांची जागा घेतो. अंगावरून जाणे, जीव घाबरा होणे, अंगात कणकण राहणे, हातापायांची आग होणे ही बोली लाखो माणसांची वैद्यकीय भाषा आहे. ती विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या भागातल्या अशा प्रयोगांचा संग्रह विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. पहिल्या वर्षाच्या मुलांना रुग्णांजवळ बसण्याचे त्याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

जे सांगितलेच जात नाही त्याचे काय? या प्रश्नावर जगातला एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातून आला आहे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आरोग्याचा किमान एक आजार होता. त्याआधी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. आजार रोजच्या जगण्यात होता, तो सोसणारी बाई समोर होती, पण तिच्यात आणि आरोग्यव्यवस्थेत त्यावर बोलणेच होत नव्हते. सांगण्यासारखी जागा नव्हती, विचारणारी बाई नव्हती, आणि असे दुखणे हा बाईचा भोगच आहे असे घरात, गावात मानले जात होते. मौन हाही संवादाचा भाग असतो आणि त्याची कारणे शोधता येतात, हे या अभ्यासाने सिद्ध केले. ओपीडीच्या टेबलाभोवती सात विद्यार्थी उभे असताना, पडदा अर्धा उघडा असताना, सासू शेजारी बसलेली असताना एखादी सून पांढरे जाण्याविषयी बोलेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिच्या मौनाला आपणच हातभार लावणे आहे.

याच संस्थेने आदिवासींना विचारले की दवाखाना कसा असावा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. त्यानुसार संस्थेच्या शोधग्राम या परिसरातले रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे उभारले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. माणूस काय बोलेल हे तो कुठे बसला आहे यावरही ठरते, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडते. हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, तेव्हा कुठे उपचारांवर विश्वास बसू लागला.

भाषेचा हा प्रश्न फक्त जंगलातला नाही. शासकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. देशभरची हुशार मुले त्यामुळे महाराष्ट्रात येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु रात्रीच्या आपत्कालीन विभागात पहिल्यांदा समोर येणारा रेसिडेंट मराठीत ‘कधीपासून दुखतंय’ एवढेही विचारू शकत नसेल, तर सिस्टर, वॉर्डातले मामा, मावशी किंवा शेजारच्या खाटेवरचा रुग्ण दुभाषा होतो. दुभाषा आपल्या समजुतीप्रमाणे गाळतो आणि घालतो. मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, पालघरमध्ये वारली बोलणाऱ्यांच्या बाबतीत मराठी डॉक्टरही परकाच असतो. तिथे २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशाताई दुभाष्याचे काम करतात. त्यांना रुग्णाबरोबर आत बसू देणे आणि तपासणीतला भागीदार मानणे हे डॉक्टरने शिकायचे कौशल्य आहे. रुजू होणाऱ्या अमराठी विद्यार्थ्यांसाठी रुग्णबोलीचा सक्तीचा, परीक्षेसह वर्ग पहिल्या महिन्यातच असावा. कर्णबधिर रुग्णांसाठीही असाच विचार हवा. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे. तिच्याशी जोडून घेणे कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य नाही.

आपल्याकडच्या तपासणीत दोघेच जण असणे विरळा. नवरा उत्तर देतो, सासू दुरुस्ती करते, गावातला शिकलेला माणूस सारांश सांगतो. परदेशी पुस्तकांतले संवादाचे नमुने डॉक्टर आणि रुग्ण अशा दोघांवर बेतलेले असतात, ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत. नातेवाईक हे बऱ्याचदा रुग्णाचे पाय, पैसा आणि आठवण असतात. त्यांना बाहेर काढून प्रश्न सुटत नाही. त्यांच्याशी बोलून झाल्यावर थोडा वेळ रुग्णाशी एकट्याने बोलायचे, आणि प्रश्न रुग्णाकडे पाहूनच विचारायचे, हा क्रम विद्यार्थ्याने शिक्षकाला करताना पाहायला हवा.

आता सांगण्याची बाजू. हर्बर्ट क्लार्क आणि सुसान ब्रेनन यांनी १९९१ मध्ये स्पष्ट केले, की संभाषणात प्रत्येक वाक्यानंतर दोघांमध्ये ‘हे आता आपल्या दोघांना ठाऊक आहे’ अशी खात्री व्हावी लागते. गप्पांमध्ये ती सहज होते. दवाखान्यात होत नाही, कारण इथे ‘हो डॉक्टर’ हे उत्तर आदराचे असते. ते आकलनाचा पुरावा म्हणून धरणे ही डॉक्टरांची सर्वांत नित्याची चूक आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेचच विसरतो आणि जे लक्षात राहते त्यातले जवळपास निम्मे चुकीचे असते, असे रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून लिहिले. वय, भीती आणि एकाच वेळी फार सांगणे ही त्यामागची कारणे. ‘कर्करोग’ हा शब्द कानावर पडल्यावर पुढची दहा वाक्ये कोणत्याही माणसाच्या मनात उतरत नाहीत.

यावरचा उपाय साधा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. रुग्णाने परत सांगायचे. मात्र ‘समजलं ना?’ असे विचारून ते होत नाही. ‘मी नीट सांगितलंय का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार ते सांगा बरं’ असे विचारले की परीक्षा डॉक्टरच्या सांगण्याची होते आणि रुग्णाला लाज वाटत नाही. चुकले तर पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचे. इथेच कळते की ‘दिवसातून तीनदा जेवणानंतर’ हे वाक्य दोनच वेळा जेवणाऱ्या मजुराला काहीच सांगत नव्हते. इथेच कळते की इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये ठेवा म्हटले, पण घरात फ्रिजच नाही. चिठ्ठीवरचे १-०-१ वाचणाऱ्याला सकाळ-संध्याकाळ असे वाटते, न वाचणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. क्षयाच्या रुग्णाला काही आठवड्यांत बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, भूक लागते, आणि बरे झाल्यावर औषध कशाला, हा त्याचा विचार अगदी तर्काला धरून असतो. ‘सहा महिने गोळ्या घ्या’ हा हुकूम त्याला पुरत नाही. लक्षणे गेली तरी जंतू शिल्लक असतात आणि अर्धवट औषधाने ते औषधालाच न जुमानणारे होतात, हे कारण समजले तरच गोळ्या चालू राहण्याची शक्यता वाढते.

देहबोलीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण तिच्याविषयी नको तितके लिहिले गेले आहे. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो, हा व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतला आकडा सोडून द्यावा. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या मर्यादित प्रयोगांतून आला. सुटे शब्द आणि चेहरे यांवरून आवड-नावड कशी ओळखली जाते एवढेच त्यांत पाहिले होते, आणि सर्व संवादाला तो लावू नये असे खुद्द मेहराबियन यांनी सांगितले आहे. उपयोगाचे आहे ते एवढेच, की डॉक्टरने बसावे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर भेटायला आलेला डॉक्टर खाटेजवळ बसला तेव्हा, प्रत्यक्ष वेळ वाढलेला नसतानाही, रुग्णांना तो जास्त वेळ थांबला असे वाटले. वॉर्डात खाटेशेजारी एक स्टूल ठेवण्याचा खर्च नगण्य आहे.

वाईट बातमी सांगणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे आणि नेमके तेच अनेकदा सर्वांत कनिष्ठ डॉक्टरवर, मध्यरात्री, आयसीयूच्या दारात उभ्याने येऊन पडते. वॉल्टर बेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये कर्करोगतज्ज्ञांसाठी सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. जागा आणि माणसे ठरवणे, त्यांना आधीच काय ठाऊक आहे ते विचारणे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, मग सोप्या शब्दांत सांगणे, भावनांना वाट देणे आणि शेवटी पुढचे ठरवणे. यातली दुसरी पायरी सर्वाधिक गाळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची आहे. नातेवाईक रुग्ण बरा होऊन घरी येणार या समजुतीत असताना ‘गेले’ हा शब्द थेट कानावर आदळला, तर तो त्यांना फसवणुकीसारखा वाटतो. तब्येत ढासळत असताना दर काही तासांनी, एकाच डॉक्टरने, एकाच नातेवाइकाला सांगत राहिले असते तर मन हळूहळू तयार झाले असते.

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा विषय इथे टाळता येत नाही. महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला गंभीर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसले. असा हल्ला कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. खाटांची टंचाई, अपुरे मनुष्यबळ, खर्चाचा धक्का आणि झुंडीचे बळ ही त्याची मुळे आहेत. नीट बोलले असते तर मार बसला नसता, असे जखमी डॉक्टरला सुनावणे क्रूरपणाचे होईल. पण संस्था म्हणून महाविद्यालयांनी स्वतःला विचारले पाहिजे, की नातेवाइकांशी बोलण्यासाठी चार खुर्च्यांची खोली आहे का, रात्री त्या खोलीत येण्याची जबाबदारी कोणत्या वरिष्ठाची आहे आणि ती लेखी आहे का.

संवाद डॉक्टरांच्या आपसातही असतो आणि तिथली चूक रुग्णाला दिसतसुद्धा नाही. अशा चुकीचा धडा आधी विमान वाहतुकीने घेतला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफेच्या विमानतळावर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातले एक संदिग्ध वाक्य, आणि त्याच क्षणी एकमेकांवर आदळून ऐकू न आलेले दोन रेडिओ संदेश, ही त्यामागच्या कारणांतली मुख्य. त्यानंतर विमान वाहतुकीत ठरीव शब्द वापरणे आणि मिळालेली सूचना परत उच्चारणे यांवरचा कटाक्ष खूप वाढला. वैद्यकात तो धडा उशिरा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत चाकू लावण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगण्याची पायरी आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ड्युटी बदलताना रुग्ण एका रेसिडेंटकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची रीतही ठरवून, लिहून आणि परत वदवून घेऊन सुधारता येते. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत असे केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये नोंदले गेले. इथे वरिष्ठांपुढे बोलण्याचा संकोच हा मोठा अडसर आहे. ‘सर, डोस जास्त वाटतोय’ असे इंटर्नने किंवा सिस्टरने म्हणावे आणि त्याबद्दल तिचे आभार मानले जावेत, ही सवय वरूनच लागते.

हे सारे अंगभूत असते, शिकवून येत नाही, असे अनेक ज्येष्ठ प्राध्यापक मनापासून मानतात. पुरावा तसे सांगत नाही. लेस्ली फॅलोफील्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ कर्करोग केंद्रांतल्या १६० डॉक्टरांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाने त्यांचे प्रश्न अधिक मोकळे झाले, सहानुभूतीचे शब्द वाढले. नुसत्या अनुभवाच्या वर्षांनी या अडचणी सुटत नाहीत, असेही त्यांना आढळले. या प्रशिक्षणाचा गाभा होता आपली स्वतःची तपासणी चित्रमुद्रणात पाहणे आणि त्यावर सहकाऱ्यांशी बोलणे. मोबाइलच्या काळात, रुग्णाची परवानगी आणि गोपनीयता सांभाळून, हे प्रत्येक विभागाला जमण्यासारखे आहे.

विद्यार्थी मात्र सर्वाधिक शिकतो तो राउंडवर. प्रोफेसर रुग्णाला नावाने हाक मारतात की ‘बेड नंबर बारा’ म्हणतात, त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा करून पुढे निघतात की जाताना दोन वाक्ये मराठीत सांगतात, यावर संपूर्ण तुकडीची पुढची चाळीस वर्षांची सवय ठरते. म्हणून अध्यापकांचे प्रशिक्षण आधी हवे आणि मूल्यमापन नंतर. मूल्यमापन मात्र हवेच, कारण ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कोणी शिकत नाही. अंतिम वर्षाच्या आणि पदव्युत्तर प्रात्यक्षिकात हिस्ट्री आणि तपासणी यांच्या बरोबरीने समजावण्याचे एक स्वतंत्र केंद्र असावे. तिथे विद्यार्थ्याने रुग्णाला त्याच्या भाषेत आजार, औषध आणि पुढची तारीख सांगावी. मग परीक्षकाने विद्यार्थ्याला बाहेर पाठवून रुग्णालाच विचारावे, की तुम्हाला काय झाले आहे, घरी गेल्यावर काय घ्यायचे आहे आणि काय झाले तर लगेच परत यायचे आहे. या तीन उत्तरांवरून गुण द्यावेत.